पाकीट ६१४ : कशावर उगवलं?

त्रोन्दहाइम, १८ फेब्रुवारी २०१९

प्रिय गुन्वोरआत्या,

तुझ्या अकरा पेट्या पोचल्या. पोचल्या हे मला कुणी येऊन सांगावं लागलं नाही, वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. किडे मरावेत म्हणून नियमाप्रमाणे आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवल्या, तरी बाहेर काढल्यावर परत तेच. आमच्या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेतली उन्नी नाकाला फडकं बांधून बसते आणि मला विचारते, तुझी आत्या शेवाळं मेंढ्यांच्या पोटात ठेवायची का? मी म्हटलं, पोटात नाही, गोठ्याच्या माळ्यावर, तीस वर्षं.

पण बाई, काय संग्रह आहे. अकराशे पाकिटं, आणि एकेका चिठ्ठीवर तुझं ते मुंगीसारखं अक्षर: नाव, तारीख, जागा, कशावर उगवलं. त्यातली निम्मी घाणीवर उगवणारी. माणसं फुलं गोळा करतात, तू जन्मभर शेण आणि सांगाडे धुंडाळत फिरलीस.

मी काय करते ते तू विचारलं होतंस. पाकिटातून तांदळाच्या दाण्याएवढी काडी घेते, कुटते, तिचा डीएनए काढते, त्याचा ठरलेला एक तुकडा यंत्राकडून वाचून घेते आणि यादीशी जुळवते. दुकानात बिस्किटाच्या पुड्यावर बारकोड असतो, तसंच. देशातल्या प्रत्येक शेवाळाचा आणि त्याच्या चुलतभावाचा, लिव्हरवर्टचा, असा बारकोड करून ठेवायचा, म्हणजे पुढे कुणाच्या हातात नुसतं पान आलं तरी नाव सांगता येईल. तुझी सहाशे पाकिटं झाली. दोन लिव्हरवर्टांत यादी एक म्हणत होती आणि तू दुसरं. चूक यादीची निघाली. उन्नीने तेव्हापासून तुझ्याबद्दल बोलताना फडकं काढायला सुरुवात केली आहे.

फक्त एक पाकीट अडलं, ६१४. चिठ्ठीवर तू शेणशेवाळ लिहिलंयस, 'एल्कच्या लेंड्यांवर, वरच्या कुरणामागे, दगडांच्या राशीजवळ, जुलै १९९८'. बारकोड म्हणतो, हाडशेवाळ. त्याला बोंडं आलेली नाहीत, नुसती पानं आहेत, त्यामुळे डोळ्यांनी फसायला होतं हे मान्य. पण तू? बहुतेक दोन्ही एकात एक गुंतलेली असतील आणि माझ्या चिमट्यात नेमकी दुसरीच काडी आली असेल. किंवा तू भिंगाखाली धरण्याआधी ते थुंकीने ओलं केलंस आणि आधीच्या पाकिटातलं काहीतरी जिभेवरून त्यात गेलं. नाही म्हणू नकोस, मी लहानपणी पाहिलंय. मला तेव्हाही ओकारी यायची.

संध्याकाळी कपाटाला कुलूप लावते ते तीनदा ओढून बघते. इथे सगळे हसतात. त्यांना ग्रोनदालचं फाटक माहीत नाही.

तुझी,
सिन्नेवे

ग्रोनदाल, २७ फेब्रुवारी

सिन्ने,

वासाची तक्रार करणाऱ्यांनी शेवाळात पडू नये, कागदाची फुलं करावीत. तुमच्या त्या उन्नीला सांग, शेणशेवाळ मुद्दाम घाण वास सोडतं, म्हणजे माशा येतात आणि त्याचं बी पुढच्या लेंडीवर नेऊन टाकतात. आपली किळस त्याच्या हिशोबात धरलेली नाही.

इथे बर्फ खिडकीच्या मधल्या आडव्या लाकडापर्यंत आहे. शेजारच्या केबिनीत शहरातली माणसं आली आहेत, दिवसभर गरम पाण्याच्या टबात बसतात, उकडलेल्या बटाट्यासारखी. मला ते बघवत नाही. हाल्वार्द रोज दुपारी खाली माझ्याकडे कॉफीला येतो, ओठाखाली तंबाखू दाबलेली असते, तोंडातून काळं पाणी येतं, आणि तसाच तपकिरी चीजवर सुरी चालवतो. तुझा बाप माझा धाकटा भाऊ आहे, म्हणून मी त्याच्यासमोर बसते. दुसरा असता तर त्याच्यासमोरचं ताट उचलून नेलं असतं.

थुंकीचं म्हणशील तर, चाळीस वर्षं असंच केलं, सगळ्या जुन्या माणसांनी असंच केलं. पाण्याची बाटली वाहणं हे तुमच्या पिढीचं काम.

६१४ टाकून दे. माझी चूक झाली असेल. घाईत घेतलं असेल. चुलीत घाल आणि पुढे जा, शंभर कामं असतील तुला.

गुन्वोर

त्रोन्दहाइम, १० मार्च

आत्या,

तुझं पत्र उन्नीला वाचून दाखवलं, बटाट्यापर्यंत ती हसत होती. शेवटच्या ओळीवर मी थांबले.

'माझी चूक झाली असेल.' हे वाक्य तू लिहिलंस? बत्तीस वर्षांत तुझ्या तोंडून मी ते ऐकलेलं नाही. आईच्या अंत्यविधीला पाद्रीबुवांनी तारीख चुकवली तेव्हा तू भर चर्चमध्ये उठून दुरुस्त केली होतीस. मी सहा वर्षांची असताना एका पानाला नुसतं 'हिरवं' म्हटलं म्हणून तू मला पुन्हा बघायला लावलंस, हिरवं म्हणजे कोणतं ते सांगितल्याशिवाय वॅफल दिलं नाहीस. आणि आता म्हणतेस चुलीत घाल?

मी घातलं नाही. घालता येत नाही, तुला माहीत आहे. मूळ चिठ्ठी खोडायची नाही, फाडायची नाही, चुकीची असली तरी तिच्याखाली दुसरी डकवायची, तारीख घालून, सही करून. हे मला तूच शिकवलंस.

पाकिटाच्या तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून काड्या घेतल्या आणि तिन्ही परत चालवल्या. नवी भांडी, नवं पाणी. तिन्ही वेळा हाडशेवाळ, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. म्हणजे सरमिसळ नाही, आणि तुझी थुंकीही सुटली.

आता तूच सांग. शेणशेवाळ उगवतं एल्कसारख्या गवत खाणाऱ्यांच्या घाणीवर. हाडशेवाळ त्याला कधी शिवत नाही. त्याला मांस लागतं, हाड लागतं, नाहीतर मांस खाणाऱ्याची विष्ठा. एल्कच्या लेंड्यांवर हाडशेवाळ म्हणजे लांडग्याने गवत खाल्ल्यासारखं. नावात चूक झाली हे मी एक वेळ मानेन. पण नाव आणि लेंड्या, दोन्हीत चूक, आणि दोन्ही चुका एकमेकींना सांभाळून घेणाऱ्या? अशी चूक होत नाही, आत्या, करावी लागते.

ते खरं कशावर उगवलं होतं? तिथे एखादी मेलेली मेंढी असेल तर तसं लिहायला काय हरकत होती?

ती जागा मला आठवते. नऊ वर्षांची होते, आपला कुत्रा स्नोरे हरवला तेव्हा शिट्टी वाजवत सगळं कुरण पालथं घातलं होतं, फक्त दगडांच्या राशीकडे गेले नव्हते. बाबा म्हणाले, तिकडे मी बघून आलोय.

सिन्नेवे

ग्रोनदाल, २१ मार्च

सिन्ने,

एका पाकिटावरून केवढा कीस काढतेस. यंत्रं आली की माणसांना वाटतं आपण पोलीस झालो.

मेंढीच असेल. होय, मेंढी होती. लिहायचं राहिलं. वय झालं की सगळं राहतं. (त्या वेळी मी एकावन्न वर्षांची होते, हे तू हिशोब करून लिहिशीलच, म्हणून आधीच लिहिते.)

ईस्टरला तू येणार म्हणून हाल्वार्दने कोकराची मांडी बाजूला ठेवली आहे, संत्री आणली आहेत, स्कीला मेण लावून ठेवलं आहे. खूश आहे. त्याला या पाकिटाबद्दल काही विचारू नकोस. त्याचं हृदय आता पूर्वीसारखं नाही.

गुन्वोर

त्रोन्दहाइम, २ एप्रिल

आत्या,

पाकीट ६१४ बद्दल बाबांना काय विचारायचं असतं, हे मला तुझं पत्र येईपर्यंत सुचलंही नव्हतं.

मग ते पाकीट पूर्ण उघडलं. आतापर्यंत वरवरच्या काड्या घेत होते. या वेळी अख्खी गादी बशीत काढली, कोमट पाण्यात फुगू दिली आणि खालचा तपकिरी लोकरीसारखा भाग सुईने सोडवत बसले. वास यायला लागला. एकवीस वर्षं वाळलेल्या गोष्टीला पाणी लागल्यावर येतो तो. उन्नी उठून बाहेर गेली. मला जाता आलं नाही.

पांढरे केस निघाले. मेंढीची लोकर मी ओळखते, ही लोकर नव्हती. आणि केसांखाली, शेवाळाच्या मुळासारख्या धाग्यांत गच्च गुरफटलेला, नखाएवढा निळा दोर. नायलॉनचा. कुजलेला नाही, रंगसुद्धा उतरलेला नाही.

आजोबांच्या जाळ्याच्या त्या निळ्या दोराचा पट्टा मी स्वतः विणला होता, आत्या. तुझ्या स्वयंपाकघरात बसून. शेवटची गाठ मला येत नव्हती, ती तू मारलीस. तो पट्टा साऱ्या खोऱ्यात एकाच गळ्यात होता.

मी हात धुतले. पुन्हा धुतले. मग लक्षात आलं की चार वेळा, चार वेगवेगळ्या दिवशी, मी ते शेवाळ खलात घालून कुटलंय. माझ्या कुत्र्यावर पोसलेलं शेवाळ. रेडिओ ऐकत कुटलंय, एकदा तर कॉफी पीत. बेसिनजवळ गेले आणि सगळं बाहेर पडलं.

आता मला सांग. बाबा म्हणाले होते, फाटक तू उघडं टाकलंस, म्हणून तो गेला. मला कडी लावल्याचं आठवत होतं. लोखंड इतकं गार होतं की बोटं चिकटली होती, तेही आठवत होतं. पण बाबा म्हणाले म्हणून मी मानलं की आठवतंय ते खोटं. नमुना हातात असून चिठ्ठीवर विश्वास ठेवला. तेव्हापासून मी कुत्रं पाळलं नाही. तेव्हापासून प्रत्येक कुलूप तीनदा ओढते. तुम्ही दोघं ते बघत होतात आणि हसत होतात.

ईस्टरला मी येत नाही. बाबांना कारण तू सांग.

सिन्नेवे

ग्रोनदाल, ९ एप्रिल

सिन्ने,

सांगते. चष्मा पुसून बसले आहे, तरी अक्षर वाकडं येईल.

त्या वसंतात वूल्व्हरिनने, त्या बुटक्या अस्वलासारख्या हावऱ्या जनावराने, आमची चौदा कोकरं मारली होती. खात नव्हता, नुसती फाडून टाकत होता. हाल्वार्दचं डोकं फिरलं. त्याने मांसात विष घातलं. कायद्याने बंदी होती, मलाही बोलला नाही. सकाळी ते घेऊन वर निघाला. फाटक त्यानेच उघडलं, स्नोरे त्याच्या पायांत घोटाळत होता, त्याच्याबरोबर बाहेर पडला, आणि हाल्वार्दने मागे कडी लावली. दगडांपाशी मांस ठेवून तो झऱ्यावर हात धुवायला गेला. परत येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्याने त्याला राशीआड ओढलं, वर दोन दगड ठेवले आणि घरी आला. तू शाळेतून आल्यावर विचारलंस, आणि त्याच्या तोंडून फाटकाचं निघून गेलं. एकदा निघाल्यावर त्याने ते परत घेतलं नाही.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझी शपथ तुला पटणार नाही, तरी लिहिते. दोन वर्षांनी जुलैत मी तिकडून जात होते. आधी वास आला, मग दगडांमधून एवढं हिरवं दिसलं की मी गुडघ्यांवर बसले. हाडशेवाळाची इतकी दाट, इतकी कोवळी गादी मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. एक दगड बाजूला केला. पट्टा दिसला. माझीच गाठ होती.

आणि आता लिहिते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पट्टा ओळखल्यावर मी आधी खिशातून भिंग काढलं. नाकावर रुमाल धरला, डोळ्याला भिंग लावलं आणि मोजून पाकिटात भरलं. रडले नंतर. याच क्रमाने.

घरी येऊन हाल्वार्दला धरलं. त्याने सगळं सांगितलं, लहान मुलासारखा रडला, म्हणाला, आजच जाऊन खोल पुरून येतो. मीच म्हटलं, राहू दे. तुला वाटेल त्याच्यासाठी म्हटलं, किंवा पोर आता कुठे सावरली आहे म्हणून. आम्ही एकमेकांना तेच सांगितलं. खरं असं की, पुरलं असतं तर शेवाळ गेलं असतं. पुढचे तीन उन्हाळे मी तिथे जात होते. बोंडं यायची, लाल, ओळीने, आणि मी वहीत त्यांची उंची लिहायची. आणि खाली येऊन तुला वॅफल भाजून द्यायची.

चिठ्ठीवर खरं लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, कुणाची हाडं? म्हणून लेंड्या. मग लेंड्यांशी जुळावं म्हणून नावही खोटं. अकराशे चिठ्ठ्यांत ही एक. दुसऱ्या कुणी असं केलेलं कळलं असतं तर मी त्याच्याशी हात मिळवला नसता.

पेट्या बांधताना ते पाकीट मी तीनदा बाहेर काढलं आणि तीनदा आत ठेवलं. यंत्रावर तू बसतेस हे मला माहीत होतं. मग तू ते शोधून काढलंस तेव्हा चुलीत घाल म्हटलं. इतकंच धैर्य होतं, एक पेटी बांधण्यापुरतं.

हाल्वार्दला कारण सांगितलं. तू येत नाहीस म्हणून त्याने ईस्टरची कोकराची मांडी आधीच ओव्हनमध्ये घातली होती, ती तशीच ठेवून तो उठून गेला. ती जळली. अजून घरभर वास आहे.

गुन्वोर

त्रोन्दहाइम, २९ एप्रिल

गुन्वोरआत्या,

बाबांचा फोन आला होता. बराच वेळ हवापाणी बोलले. मग म्हणाले, 'अगं, कुत्रंच होतं ना शेवटी. वीस वर्षं झाली.' मी फोन ठेवला. मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. मला त्यांची किळस आली, ओठाखालच्या त्या तंबाखूसकट.

तुझी जास्त आली. तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचल्यावर त्याचं कारण कळलं. भिंग आधी आणि रडणं नंतर, हे वाचून मला धक्का बसला नाही. निळा दोर सापडला त्या दिवशी मीही आधी त्याचा फोटो काढला होता, शेजारी पट्टी ठेवून, मोजमापासाठी. ओकले नंतर. तू मला घडवलंस ते असं. ही किळस धुता येत नाही, मी प्रयत्न केला.

माफीबिफी मागू नकोस. तू मागणार नाहीस, पण तरी. भाची म्हणून मला तुझ्याकडून आत्ता काही नको. संग्रहालयाची नोकर म्हणून एक हवंय. पाकीट ६१४ यादीत जायचं आहे. या जातीचा एवढ्या वर्षांचा आणि एवढा स्वच्छ बारकोड आमच्याकडे दुसरा नाही. पुढे कुणीही, कुठल्याही देशातून, त्याच्याशी आपलं शेवाळ जुळवून बघेल. लेंड्यांवर उगवलं असं मी त्यांना वाचू देणार नाही. दुरुस्तीची चिठ्ठी मी लिहू शकते, मला अधिकार आहे. पण मी तिथे नव्हते. ज्याने पाहिलं त्याने लिहावी, असा नियम आहे.

कोरी चिठ्ठी सोबत पाठवते. टिकाऊ शाई वापर.

सिन्नेवे

ग्रोनदाल, ८ मे

सिन्नेवे,

वर बर्फ वितळलं. काल गेले होते, गुडघ्याला पट्टी बांधून. शेवाळ आता नाही, खायला काही उरलं नाही की ते जातं. जे उरलं होतं ते गोळा केलं, खाली आणलं आणि फाटकाच्या आतल्या बाजूला, बर्चखाली पुरलं. खड्डा हाल्वार्दने खणला. नंतर तो कॉफीला आला, मी दार उघडलं नाही.

चिठ्ठी लिहून सोबत देते. पाच वेळा कच्ची लिहिली. जागा लहान असते, म्हणून नेमकं लिहावं लागतं. शेवटची ओळ तुमच्या रकान्यांत बसत नाही हे मला माहीत आहे. ती कापायची नाही.

गुन्वोर

सोबत:

पाकीट ६१४. दुरुस्ती.
नाव: हाडशेवाळ. पूर्वीचं नाव मी जाणूनबुजून चुकीचं लिहिलं होतं.
जागा: ग्रोनदाल, वरच्या कुरणामागे, दगडांची रास.
कशावर उगवलं: कुत्रा, नर, पाच वर्षं, नाव स्नोरे. विषाने मेला.
कुणी पाहिलं: गुन्वोर, जुलै १९९८. चिठ्ठी लिहिली मे २०१९.
शेरा: फाटकाची कडी सिन्नेवेने लावली होती.